बंदुकीचा परवाना नको, कायदा हवा

आपल्या पोरांच्या मोबाइलवर एक सल्ला वरचेवर येऊन पडतो. काळ वाईट आहे, कुणाचा भरवसा नाही, तेव्हा मोहल्ल्यातल्या तरुणांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज करावेत. सोबत अमेरिकेतला एखादा व्हिडिओ असतो. कमरेला उघडे पिस्तूल लावलेला माणूस दुकानात शिरतो, दूध-पाव घेतो, बाहेर पडतो. कुणी त्याला अडवत नाही. खाली लिहिलेले असते, ‘इज्जत अशी मिळते.’

मी या सल्ल्याच्या विरोधात आहे. का, ते सरळ लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करू. बंदूक पाहून दचकणाऱ्यांपैकी मी नाही. मी खारेपाटणचा. शुक नदीच्या काठच्या आमच्या गावात आणि पलीकडे राजापूरच्या हद्दीत ज्याची काजू-आंब्याची बाग आहे, भाताचा तुकडा आहे, त्याला रानडुक्कर आणि वानर काय करतात ते सांगावे लागत नाही. म्हणून शेतसंरक्षणाची बंदूक सिंधुदुर्गात नवलाची गोष्ट नाही. आमच्या आजोबांकडेही ठासणीची बंदूक होती. माळ्यावर, फडक्यात गुंडाळलेली. दारू एका डब्यात, छर्रे दुसऱ्या डब्यात. ती खांद्यावर टाकून ते बाजारात गेले, असे घरात कुणाला आठवत नाही. मशिदीत तर नाहीच नाही. कोयता, कुदळ, तशी बंदूक. काम झाले की जागेवर.

१९५९ च्या शस्त्र कायद्यानेही हा फरक ओळखला आहे. खरोखर पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या कलम १३ मध्ये वेगळी जागा आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याला मात्र सबळ कारण दाखवावे लागते. डुकराला घाबरवायचे हत्यार आणि माणसाला घाबरवायचे हत्यार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कायदा करणाऱ्यांना कळत होते. आपण ते का विसरावे?

आता तो अमेरिकेचा व्हिडिओ. त्यातले दृश्य भारतात कायद्याने शक्यच नाही. आपल्याकडे बंदूक बाळगणे हा हक्क नाही. ती सरकारने अटी घालून दिलेली परवानगी आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात न्यावे लागते. सार्वजनिक जागी ते परजणे, दाखवणे, हवेत बार काढणे याला मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. लग्ना-वरातीत आनंदाच्या भरात गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बिनपरवाना बंदूक सापडली तर किमान दोन वर्षे, जास्तीत जास्त पाच. स्टेटसला कट्ट्याचा फोटो टाकणाऱ्या पोराला हे आकडे कुणी तरी वाचून दाखवायला हवेत. फोटो तो स्वतःच टाकतो, पोलिसांना शोधायचे कष्टही उरत नाहीत.

‘हा तर इंग्रजांचा कायदा, गुलामांना निःशस्त्र ठेवण्यासाठी केलेला,’ असे काही जण म्हणतात. यात अर्धे सत्य आहे. १८७८ चा शस्त्र कायदा खरोखरच तसा होता. हिंदी माणसाला परवाना, गोऱ्याला सूट. त्या अपमानाची आठवण ठेवून काँग्रेसने १९३१ च्या कराची ठरावात, नियम आणि बंधने पाळून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत घातला. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी हाच हक्क राज्यघटनेत यावा म्हणून दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की कराचीचा ठराव परक्या राज्यात झाला होता, आता परिस्थिती बदलली आहे. हा हक्क सरसकट दिला तर तो चोर-दरोडेखोरांनाही मिळेल. नागरिकाच्या हक्कापेक्षा, देशासाठी शस्त्र उचलण्याच्या त्याच्या कर्तव्यावर भर द्यायला हवा. सभेने दुरुस्ती फेटाळली.

जरा थांबून विचार करा. या देशात ज्यांना शतकानुशतके मार खावा लागला, त्यांच्या सर्वांत मोठ्या नेत्याला शस्त्राचा हक्क मागावासा वाटला नाही. कमजोर माणसाचे रक्षण कशाने होते, हे त्या माणसाला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होते. गावात शंभर जणांच्या हाती बंदुका आल्या तर त्यातल्या नव्वद कुणाच्या असतील, हे दलित वस्तीतल्या माणसाला सांगावे लागत नाही. ते आपल्यालाही कळायला हवे.

‘मग शिखांना कृपाण कसे चालते? कोडगूच्या कोडवांना बंदुकीची सूट कशी?’ प्रश्न रास्त आहे. कृपाण बाळगणे हा शीख धर्माचरणाचा भाग असल्याचे घटनेच्या कलम २५ मध्येच लिहिले आहे. कोडवांची सूट ही इंग्रजी अमलापासून चालत आलेली, एका छोट्या जमातीपुरती आणि एका जिल्ह्यापुरती, आणि केंद्र सरकारने मुदत घालून वाढवलेली सवलत आहे. सध्याची मुदत २०२९ पर्यंतची. या सवलतींवर वाद होऊ शकतो, कोर्टात झालाही. पण अपवाद दाखवून नियम मोडत नसतो. आणि तलवार किंवा पिस्तूल बाळगणे आपल्या दीनचा भाग आहे, असे कुणी म्हणत असेल तर त्याच्याशी मी पुढे बोलणारच आहे.

त्याआधी अमेरिकेत जरा शिरून पाहू. कारण तिथल्या उघड्या पिस्तुलाची गोष्ट आपल्याला नेहमी अर्धीच दाखवली जाते.

१९६७ सालापर्यंत कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघडपणे घेऊन फिरणे कायदेशीर होते. मग ओकलंड शहरात ब्लॅक पँथर पक्षाचे कृष्णवर्णीय तरुण बंदुका घेऊन पोलिसांच्या गाड्यांमागे फिरू लागले. पोलीस आपल्या लोकांशी कसे वागतात यावर नजर ठेवायला. कायद्याच्या एकाही कलमाचा भंग नाही. लगेच विधिमंडळात विधेयक आले, भरलेली बंदूक उघड बाळगायला बंदी. त्याच्या निषेधार्थ २ मे १९६७ रोजी पँथर कार्यकर्ते बंदुकांसह सॅक्रामेंटोच्या विधानभवनात गेले. विधेयक मंजूर झाले आणि गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली. हेच रेगन पुढे बंदूकवाल्यांचे लाडके राष्ट्राध्यक्ष झाले. गोऱ्या माणसाच्या कमरेला असते तोवर ते स्वातंत्र्य होते, काळ्या माणसाच्या खांद्यावर गेले तेव्हा तो धोका झाला.

हे जुने झाले म्हणाल तर अलीकडचे घ्या. नोव्हेंबर २०१४. ओहायो राज्यात उघड बंदूक बाळगायला परवानगी आहे. तिथल्या क्लीव्हलँडच्या एका बागेत बारा वर्षांचा काळा मुलगा खेळण्यातले पिस्तूल घेऊन खेळत होता. पोलिसांची गाडी आली आणि दोनेक सेकंदांत त्याला गोळी घातली गेली. जुलै २०१६. मिनेसोटात एका काळ्या मोटारचालकाला पोलिसांनी थांबवले. त्याच्याकडे रीतसर परवान्याचे पिस्तूल होते. ते जवळ असल्याचे त्याने स्वतःहून, अदबीने सांगितले. काही सेकंदांत त्याला गोळ्या घातल्या गेल्या. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची लहान मुलगी होती. पुढच्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला. परवाना त्याच्या खिशात होता. त्याला मारले ते त्याच्या चेहऱ्यावरून केलेल्या अंदाजाने.

आता तुमचा व्हिडिओ परत लावा आणि त्या दूध-पाव घेणाऱ्याच्या जागी स्वतःला उभे करा. तुमचे नाव, तुमची दाढी, तुमच्या बहिणीचा हिजाब, सगळ्यासकट. मग आमच्या खारेपाटणच्या चेकपोस्टवर या. जिल्ह्याच्या हद्दीवरचे हे नाके, मुंबईकडून येणारी गाडी इथूनच सिंधुदुर्गात शिरते. निवडणूक लागली की इथे गाड्या थांबतात, डिक्या उघडतात. दोन गाड्यांत दोन पिस्तुले, दोन्ही परवान्याची. रात्रीच्या बातमीत एक जण ‘परवानाधारक बागायतदार’ होईल. दुसऱ्याच्या बातमीत कुठला शब्द येईल, ते मी लिहिण्याची गरज नाही. तो शब्द पुसायला चौकशी, जामीन आणि दहा वर्षांचा खटला लागतो. ज्या देशात तुमच्याबद्दलचा संशय आधीच तयार आहे, तिथे पिस्तूल तुमचे रक्षण करत नाही. ते फक्त त्या संशयाला पुरावा देते.

बरे, ज्यांच्यावर संशय नाही त्यांचे तरी पिस्तुलाने भले झाले का? फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा फेसबुक लाइव्ह चालू असताना खून झाला. वापरलेले पिस्तूल गोळी झाडणाऱ्याच्या अंगरक्षकाचे, परवान्याचे होते. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला वांद्र्यात बाबा सिद्दीकी यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांना पोलीस संरक्षण होते. माजी मंत्री, सोबत सशस्त्र पोलीस, तरी वाचले नाहीत. ज्याने मारायचे ठरवले आहे, तो वेळ ठरवून येतो. कमरेचे हत्यार काढायला तुम्हाला वेळ देत नाही.

बीडचे उदाहरण तर सगळ्या महाराष्ट्रासमोर घडले. डिसेंबर २०२४ मध्ये सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला आणि त्या जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे पुढे आले. कमरेला पिस्तूल लावून मिरवणाऱ्यांचे, हवेत गोळीबार करणाऱ्यांचे व्हिडिओ बाहेर पडले. अंजली दमानिया यांनी हा विषय लावून धरला, प्रशासनाला परवाने तपासून रद्द करायला सुरुवात करावी लागली. हे परवाने कागदावर कशासाठी होते? स्वसंरक्षणासाठी. प्रत्यक्षात कशासाठी वापरले जात होते? गावाला गप्प बसवण्यासाठी. बीडच्या सामान्य शेतकऱ्याला या बाराशे बंदुकांमुळे एक रात्र तरी निर्धास्त झोप लागली असेल का?

देशभराचा हिशेब पाहा. केंद्रीय गृहखात्याच्या आकडेवारीनुसार २०१६ अखेर भारतात ३३ लाखांवर शस्त्रपरवाने होते. त्यातले जवळपास १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. बंदुकीने कमजोर माणूस सुरक्षित होत असता, तर उत्तर प्रदेशातला मुसलमान आणि दलित देशात सर्वांत निर्भय असायला हवा होता. तो तसा आहे का, हे तिकडून आपल्या कोकणात कामाला आलेल्या एखाद्या कारागिराला विचारा.

भीतीपोटी शस्त्र जवळ करण्याचा एक प्रयोग आपल्याच किनाऱ्यावर झालेला आहे. तो तरुणांना कुणी नीट सांगत नाही. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीत ९०० माणसे मेली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. जखम खरी होती, राग खरा होता. त्या रागाचा धंदा करणाऱ्यांनी १९९३ च्या सुरुवातीला रायगडच्या दिघी आणि शेखाडी बंदरांवर शस्त्रे आणि स्फोटके उतरवली. १२ मार्चला मुंबईत २५७ निरपराध माणसांचे तुकडे झाले. दंगलीतल्या एकाही मुसलमानाला त्यातून इन्साफ मिळाला नाही. मिळाले ते एवढेच की दंगलीच्या अहवालावर धूळ बसली आणि कोकणच्या किनाऱ्यावर मासे उतरवणाऱ्या प्रत्येक ‘खान’कडे आणि ‘मुल्ला’कडे वर्षानुवर्षे वेगळ्या नजरेने पाहिले गेले.

त्याच खटल्यातली आणखी एक गोष्ट. अभिनेता संजय दत्त यांनी घरी बंदूक ठेवल्याचे कारण सांगितले, दंगलीच्या काळात कुटुंबाच्या जिवाची भीती. वडील खासदार, घराणे देशाला माहीत असलेले. तरी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये शस्त्र कायद्याखालची दोषसिद्धी कायम ठेवून पाच वर्षांची शिक्षा दिली. सुनील दत्त यांच्या मुलाची भीती ज्या कोर्टात चालली नाही, तिथे खारेपाटणच्या रिक्षावाल्याच्या मुलाची भीती चालेल, असे वाटते का?

आता तलवारींकडे येतो, कारण कोकणात आणि महाराष्ट्रात पिस्तुलापेक्षा त्याच जास्त दिसतात. रस्त्यावरून मिरवणूक जाते, पोरे तलवारी फिरवतात, मागे डीजे. बघणाऱ्याला संदेश मिळतो, हा रस्ता आज आमचा आहे. २०१८ च्या मे महिन्यात औरंगाबादेत दंगल झाली. त्यानंतर पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि खंजीर पकडले, खेळणी आणि घरगुती वस्तूंसारखे कुरिअरने घरपोच आलेले. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला मनाई आदेश निघतात. तलवार, भाला, बंदूक, सुरा, लाठी, काही घेऊन फिरायचे नाही. हा आदेश आपल्या जिल्ह्यातही वरचेवर निघतो. पेपरात आतल्या पानावर येतो आणि कुणी वाचत नाही.

तुम्ही म्हणाल, आदेश फक्त आमच्यासाठी. त्यांच्या मिरवणुकीत तलवारी चालतात. जिथे असे घडते, तिथे ते चूकच आहे आणि मी त्याविरुद्ध बोलतो. पण उत्तर काय? ‘आमच्याही जुलूसमध्ये तलवार चालू द्या’ ही मागणी, की ‘कुणाच्याच मिरवणुकीत चालू देऊ नका’ ही? पहिली मागणी केली की तुम्ही दुसऱ्याची तलवार कायदेशीर करून देता. राजस्थान सरकारने एप्रिल २००३ मध्ये त्रिशूळवाटपावर बंदी घातली. बंदी मोडणारे प्रवीण तोगडिया यांना अटक झाली. ती बंदी शक्य झाली, कारण विरोध करणाऱ्यांच्या हातात शस्त्र नव्हते, कायदा होता. समोर दुसऱ्या जमातीच्या तलवारी असत्या तर सरकारने ‘दोन्ही बाजू’ म्हणून हात झटकले असते.

आणि ज्यांना हत्यार मिरवणे सुन्नत वाटते त्यांच्यासाठी. हुदैबियाच्या तहात ठरले होते की पुढच्या वर्षी मुसलमानांनी मक्केत यायचे ते तलवारी म्यानात ठेवून. रसूलुल्लाह यांनी ही अट मान्य केली आणि पाळली. बाण घेऊन बाजारातून किंवा मशिदीतून जाणाऱ्याने टोके हातात धरावीत, कुणाला इजा होऊ नये, अशी त्यांची शिकवण हदीसमध्ये आहे. आणखी एक प्रसंग सहीह बुखारीत, ईदच्या प्रकरणात येतो. मिनामध्ये गर्दीत कुणाच्या तरी भाल्याचे टोक अब्दुल्लाह इब्न उमर यांच्या पायात घुसले. विचारपूस करायला आलेल्या हज्जाजला त्यांनी सुनावले की हे तूच केलेस. ज्या दिवशी शस्त्र बाळगत नाहीत त्या दिवशी तू ते आणू दिलेस आणि हरममध्ये शिरू दिलेस. भाला कुणाचा, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. गर्दीत शस्त्र येऊ दिले कुणी, हा विचारला. तेराशे वर्षांहून जुना हा सवाल आज आपण आपल्या जुलूस कमिट्यांना विचारू शकतो.

माझ्या गावाच्या शेजारचेच एक उदाहरण घेऊ. राजापूरला शिमग्यात होळीचे लांबलचक लाकूड मिरवत नेतात आणि ते जामा मशिदीच्या पायऱ्यांना टेकवण्याची जुनी रीत आहे. १२ मार्च २०२५ च्या रात्री मशिदीच्या गेटपाशी गोंधळ झाला, घोषणा झाल्या. व्हिडिओ देशभर फिरले. कुणी त्याला मशिदीवरचा हल्ला म्हटले, कुणी प्रथा. पोलिसांनी गुन्हे नोंदवले. त्या रात्री जे झाले त्यात कुणाची किती चूक, हे तपास आणि कोर्ट ठरवील. मी एवढेच विचारतो की त्या गर्दीत, गेटच्या आत किंवा बाहेर, एकाच्या कमरेला भरलेले पिस्तूल असते तर? एका घाबरलेल्या पोराच्या एका बोटाने राजापूर-खारेपाटणचा पुढच्या पन्नास वर्षांचा शेजार संपवला असता. गेटच्या आतल्या माणसांनी हात आवरला, त्याला मी भित्रेपणा म्हणत नाही. त्यांच्यामुळे आजही राजापूरच्या बाजारात दोन्ही समाज एकमेकांकडून मासे आणि भाजी घेतात.

आणि मालवण. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्याच्या वेळी एका मुलाने आक्षेपार्ह घोषणा दिल्याचा आरोप झाला. दुसऱ्याच दिवशी कुटुंबाचे भंगाराचे दुकान पाडले गेले. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मुसलमान घरात त्या रात्री भीती शिरली, माझ्याही. पण त्या जेसीबीपुढे पिस्तुलाने काय झाले असते? एक प्रेत आणि एक दहशतवादाचा खटला. त्याऐवजी कुटुंब कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात पाडकामाआधी किमान १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली होती. त्याच निकालाच्या अवमानाचा मुद्दा घेऊन अर्ज झाला आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोटीस काढली. मला माहीत आहे, नोटिशीने दुकान उभे राहत नाही. कोर्ट संथ आहे. पण पाडणाऱ्याला उत्तर द्यायला लावणारा हा एकच रस्ता आहे आणि तो कागदाचा आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, म्हणून त्याला टाळत नाही. ‘जमाव दारात आला तर?’ तर स्वतःचा, घरच्यांचा आणि घराचा बचाव करण्याचा हक्क तुम्हाला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये तो लिहिलेला आहे. त्याला कुठलाही परवाना लागत नाही. हात बांधून मरा, असे मी कुणाला सांगत नाही. पण घराच्या उंबऱ्यावर केलेला बचाव वेगळा आणि कमरेला पिस्तूल लावून बाजारातून फिरणे वेगळे. पहिला हक्क आहे. दुसरी धमकी आहे, मग तुमचा हेतू काहीही असो.

आणि हिंमत बंदुकीतून येते असे ज्याला वाटते, त्याने खान अब्दुल गफार खान यांचे खुदाई खिदमतगार आठवावेत. ज्या पठाणांच्या घराघरांत बंदूक आणि पिढीजात वैर, त्यांनी अहिंसेची शपथ घेतली. २३ एप्रिल १९३० ला पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात इंग्रजांनी त्यांच्या लोकांवर गोळ्या चालवल्या, तरी शपथ मोडली नाही. चंद्रसिंह गढवालींच्या हिंदू सैनिकांनी निःशस्त्र पठाणांवर गोळी झाडायला नकार दिला आणि त्यासाठी जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षा भोगल्या. समोरच्या पठाणाच्या हातात बंदूक असती तर गढवाली शिपायाला नकार देता आला असता का?

तेव्हा माझी मागणी अशी आहे, आणि ती मी आपल्याच माणसांपासून सुरू करतो.

या ईद-ए-मिलादपासून आपल्या जुलूसमध्ये एकही तलवार नको, लाकडीसुद्धा नको. कमिटीने ते आधी लिहून पोलीस ठाण्यात द्यावे आणि पोच घ्यावी. ज्याच्या हातात हत्यार दिसेल त्याला आपल्याच स्वयंसेवकांनी बाहेर काढावे. हत्यारासोबतचे रील आणि डीपी आज रात्री काढून टाका. शेतीसाठी बंदूक खरोखर हवी असेल तर खुशाल अर्ज करा, पण ती शेतातच वापरा.

मग आपल्याला तोंड वर करून बोलायचा हक्क येतो. कुणाच्याही मिरवणुकीत शस्त्र दिसले तर तारीख, वेळ, जागा आणि व्हिडिओसह लेखी तक्रार द्या. ठाण्यात घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. आपल्या जिल्ह्यात किती परवाने आहेत, कुठल्या कारणासाठी दिले, किती रद्द झाले, हे माहिती अधिकारात विचारा. निवडणुकीत कुणाच्या बंदुका जमा करायच्या हे ठरवायला छाननी समिती असते. सरसकट सगळ्यांच्या नव्हे, प्रत्येक प्रकरण तपासून निर्णय घ्या, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितले आहे. जामिनावर असलेले आणि दंगलीत नाव आलेले परवानाधारक त्या समितीच्या नजरेतून सुटतात का, हेही विचारा. शेतकऱ्याची ठासणीची बंदूक जमा आणि गुंडाचे पिस्तूल कमरेला, असे होत असेल तर ते उघडे करा.

हे काम कंटाळवाणे आहे. त्याचे रील होत नाही. एका अर्जाला महिना लागतो, दुसऱ्याला वर्ष. पण पिस्तुलाचा परवाना मिळाला तर एकाला मिळेल, फार तर दहांना. हा कायदा नीट चालला तर आपल्या मोहल्ल्यातली म्हातारी, शाळेतून येणारी मुलगी, हातगाडीवाला आणि पलीकडच्या वाडीतला आपला हिंदू शेजारी, सगळ्यांना रस्त्यावरून मान वर करून जाता येईल. आपल्याला तीच इज्जत हवी आहे. अर्ज करायचाच असेल तर तो तिच्यासाठी करा.